स्लाइड घेताना आधी बोट मोजा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत स्लाइड गिटारवर आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. पण स्लाइड, म्हणजे तारांवरून सरकवत सूर काढायची बोटातली नळी, कोणती घ्यावी, हा भाग लेखात दोन-तीन वाक्यांत उरकला आहे: काचेचा आवाज गोड, धातूचा धारदार, ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे. एवढ्यावर विसंबून नवशिका जी नळी उचलेल ती बहुधा त्याच्या बोटावर नीट बसणार नाही, आणि बोटावर डुगडुगणारी नळी काचेची असो वा पितळेची, तिच्यातून खडखडच निघते. पदार्थ हा निवडीतला शेवटचा प्रश्न आहे. त्याआधी कोणते बोट, आतला व्यास किती, लांबी किती, वजन किती आणि पृष्ठभाग कसा, हे ठरायला हवे. यातली बहुतेक उत्तरे मोजपट्टीने आणि तराजूने मिळतात, म्हणून हे पत्र.

आधी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या छायाचित्रात मांडीवर आडवी ठेवलेली गिटार आणि हातात धरलेला पोलादी बार दिसतो. ती पद्धत वेगळी. तिचे श्रेय सहसा हवाईच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. ब्रिजभूषण काब्रा आणि विश्वमोहन भट्ट यांनी रागसंगीतासाठी वापरली तीही हीच, आडव्या गिटारची. तिथे तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे मानेवरच्या पट्टीपासून, बऱ्याच उंच असतात, बार भरीव असतो, त्याचे वजन दोनशे ग्रॅमच्या घरातही जाते आणि फ्रेट, म्हणजे त्या पट्टीवरचे धातूचे आडवे पडदे, फक्त खुणेपुरते उरतात. बोटात घालायची पोकळ नळी नेहमीसारख्या धरलेल्या गिटारवर चालते आणि तिथे तारेखाली अवघ्या दोन-तीन मिलिमीटरवर फ्रेटची धातूची कड असते. त्यामुळे ‘जितका जड तितका चांगला’ हा बारचा नियम नळीला लावला की नळी फ्रेटवर आपटते. पुढचे सगळे या नळीबद्दल आहे.

बोटापासून सुरुवात करू. मडी वॉटर्स, राय कूडर, सनी लँडरेथ या वादकांनी स्लाइड करंगळीत घातली. ड्वेन ऑलमन आणि डेरेक ट्रक्स यांनी अनामिकेत. बॉनी रेट मधल्या बोटात घालतात. म्हणजे तिन्हींतून उत्तम संगीत निघाले आहे आणि ‘खरे’ बोट कोणते, या वादाला अर्थ नाही. फरक कामाचा आहे. करंगळीत नळी असली की उरलेली तीन बोटे कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) धरायला आणि साध्या फ्रेटिंगला, म्हणजे बोटाने तार दाबून वाजवायला, मोकळी राहतात. एकाच गाण्यात दोन्ही प्रकार वाजवायचे असतील तर करंगळीला पर्याय नाही. अनामिका जास्त बळकट असते, जड नळी ती न थकता पेलते, आणि मागे तर्जनी व मधले बोट तारा दाबून ठेवायला उरतात. मधल्या बोटात नळीवरचा ताबा सर्वांत सहज येतो, पण मागे फक्त तर्जनी राहते आणि कॉर्डचे काम अवघड होते. निर्णयापूर्वी एक चाचणी करावी. नळी न घालता ते बोट पाचव्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवे ठेवावे. मनगट न पिळता बोट फ्रेटला समांतर पडत असेल तर ते बोट योग्य. करंगळी आखूड असेल आणि ती समांतर आणताना कोपर बाहेर फेकावा लागत असेल, तर अनामिका घ्यावी. दोन तास वाजवल्यावर दुखते ते मनगट, बोट नव्हे.

आता माप. निवड सर्वाधिक फसते ती इथे. वेष्टनावर लहान, मध्यम, मोठी असे लिहिलेले असते त्याला फार किंमत देऊ नये. एका कंपनीची मध्यम ही दुसरीची मोठी असू शकते. आतल्या व्यासाचा मिलिमीटरचा आकडा पाहावा. काही उत्पादक अमेरिकी अंगठीच्या मापाचा क्रमांक देतात: ७ म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर, ९ म्हणजे १९, ११ म्हणजे २०.६. आपले माप काढायला कागदाची अरुंद पट्टी पुरते. ती बोटाच्या मधल्या सांध्यावर गुंडाळून जिथे टोक येते तिथे खूण करावी आणि लांबीला ३.१४ ने भागावे. पट्टी ६० मिलिमीटर भरली तर व्यास १९.१. दुसरे माप बोटाच्या मुळाशी घ्यावे. सांधा आणि मूळ यांत बराच फरक असेल, तर सांध्याच्या मापाची नळी मुळाशी सैल पडणार हे आधीच कळते.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. अंगठीची पट्टी चार-पाच मिलिमीटर रुंद असते, नळी साठ-सत्तर मिलिमीटर लांब. तोच व्यास असला तरी नळीचा स्पर्श बोटाच्या बऱ्याच मोठ्या भागाला होतो, म्हणून ती जास्त घट्ट वाटते. अंगठीच्या मापापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर जास्त व्यास धरावा. शिवाय बोट दिवसभर एका जाडीचे राहत नाही. उष्ण हवेत आणि अर्धा तास वाजवल्यावर ते फुगते, थंडीत आक्रसते. सकाळी थंड हाताने घेतलेले माप संध्याकाळी नळी अडकवून बसते. माप वाजवून झाल्यावर घ्यावे.

नळी बरोबर बसली की नाही हे तीन हालचालींत कळते. हात खाली सोडून हलकेच झटकावा: नळी निसटली तर सैल. मग दुसऱ्या हाताने नळी बोटाभोवती फिरवावी: थोड्या विरोधाने फिरली पाहिजे, आपसूक गरगरली तर सैल, कातडीला घेऊन फिरली तर घट्ट. शेवटी बोट किंचित वाकवून पाच मिनिटे तसेच ठेवावे. टोक लालसर झाले किंवा मुंग्या आल्या तर ती नळी परत ठेवावी. सैल नळीचा तोटा निसटण्यापुरता नसतो. नळी पकडून ठेवायला बोट आपोआप आकडीसारखे वाकते, वाकलेल्या बोटाबरोबर नळी तिरपी होते, आणि खर्जाच्या तारा एका सुरात तर वरच्या तारा दुसऱ्या सुरात बोलू लागतात. हा दोष कानाचा समजून लोक महिनोन्‌महिने रियाज करतात, खरा दोष दीड मिलिमीटरच्या पोकळीचा असतो.

थोडी सैल नळी वाया जात नाही. आतून पातळ चामड्याची, बुचाची किंवा नमद्याची पट्टी चिकटवता येते, किंवा बोटालाच कापडी वैद्यकीय चिकटपट्टीचा एक वेढा देता येतो. पट्टी नळीच्या मुळाकडच्या निम्म्या भागात लावावी. पूर्ण लांबीभर लावली तर घाम कोंडतो आणि पट्टी सरकते. स्पंज टाळावा. तो दबतो, नळी बोटावर तरंगते आणि तारेला हवी ती स्थिर टेकण मिळत नाही. घट्ट नळीला मात्र उपाय नाही. काच आतून घासून मोठी करण्याच्या भानगडीत पडू नये.

लांबीचा हिशोब गिटारच्या मानेवरून निघतो. इलेक्ट्रिक गिटारची मान नटजवळ (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) साधारण ४२ ते ४३ मिलिमीटर रुंद असते आणि बाराव्या फ्रेटवर ५२ च्या आसपास. स्टीलच्या तारांची अकूस्टिक दोन-तीन मिलिमीटरने रुंद, नायलॉन तारांची क्लासिकल नटजवळच ५२. पण झाकायच्या असतात त्या तारा, मान नव्हे. इलेक्ट्रिकवर बाराव्या फ्रेटपाशी पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर साधारण ४३ मिलिमीटर असते. सहाही तारांवर नळी टेकवून दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडायची तर ६० ते ७० मिलिमीटर लांबी पुरेशी. करंगळीवाल्यांना ५० ते ५५ची नळीही चालते, कारण ते सहा तारा एकदम क्वचितच वाजवतात. ७० च्या पुढची नळी करंगळीच्या टोकापलीकडे लोंबते आणि तिचे तोंड आपोआप खाली झुकते. बोटाचे टोक नळीच्या तोंडाशी किंवा किंचित आत असावे. काहीजण नळी मधल्या सांध्यापर्यंतच घालतात, म्हणजे बोट वाकवता येते; त्यांनी आखूडच घ्यावी.

आता वजन, ज्यावर लेखात एक शब्दही नाही. आतून १९, बाहेरून २५ आणि लांबीला ६५ मिलिमीटर अशी नळी घेऊ, म्हणजे भिंत ३ मिलिमीटरची. याच मापात बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या भांड्यांच्या) काचेची नळी सुमारे ३० ग्रॅम भरते, साध्या बाटलीच्या काचेची ३४, ॲल्युमिनियमची ३६, पोलादाची १०६ आणि पितळेची ११४. भिंत १.५ मिलिमीटर केली की पितळ ५३ ग्रॅमवर उतरते. उलट काचेची भिंत ४.५ मिलिमीटर केली की साधी काचही ५४ ग्रॅमला पोहोचते. म्हणजे पातळ पितळ आणि जाड काच एकाच वजनाची असू शकतात. काच विरुद्ध पितळ म्हणून जो फरक कानावर येतो त्याचा मोठा हिस्सा मुळात तीस ग्रॅम विरुद्ध शंभर ग्रॅमचा असतो. वजन सारखे ठेवून दोन्ही वाजवल्या की अंतर बरेच कमी होते, आणि उरलेला फरक पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाचा आणि टणकपणाचा असतो.

वजनाने आवाज का बदलतो? कंप पावणारी तार आपली शक्ती दोन्ही टोकांना आदळत असते. एका टोकाला ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा आधार), दुसऱ्याला आपली नळी. जड नळी जागची फारशी हलत नाही, म्हणून शक्ती तारेत परत जाते आणि आस, म्हणजे सुराचे रेंगाळणे, लांबते. हलकी नळी तारेबरोबर स्वतः थरथरते, ती थरथर बोटाच्या मांसात विरते. आवाज लवकर मावळतो आणि जरा कोरडा, पातळ येतो. हे ऐकून लगेच जड नळी घ्यावी असे नाही. ११० ग्रॅमची नळी ०.००९ इंची पहिली तार असलेल्या संचावर ठेवली की तारा खाली दबतात, फ्रेटची टकटक ऐकू येते आणि सूर चढतो. शिवाय जड नळीला दिशा बदलायला वेळ लागतो, त्यामुळे सुराला दिलेले कंपन (व्हायब्रॅटो) संथ आणि रुंद येते. हलकी नळी चपळ असते, पण हाताची प्रत्येक थरथर उघडी पाडते. इलेक्ट्रिकवर ०.०१० किंवा ०.०११चा संच असेल तर ३५ ते ६० ग्रॅमपासून सुरुवात करावी, ०.०१२ किंवा ०.०१३च्या अकूस्टिकवर ५० ते ९०. धातूच्या अंगाच्या रेझोनेटर गिटारवर (जिच्यात आवाज वाढवायला धातूची तबकडी असते) शंभरीही शोभते. करंगळीसाठी प्रत्येक टप्प्यातला खालचा आकडा धरावा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर नळी ठेवून पाहायला काही लागत नाही, तरी हे कोणी करत नाही.

भिंतीची जाडी वाढली की बाहेरचा व्यासही वाढतो आणि त्याचे स्वतःचे परिणाम असतात. नळी तारेला टेकते ती तिच्या सर्वांत खालच्या रेषेवर, आणि ती रेषा नळीच्या मध्यअक्षाखाली असते. सूर बरोबर यायचा तर हा मध्य फ्रेटच्या बरोब्बर वर हवा. फ्रेटच्या मागे नाही, जिथे बोटाने दाबताना आपण दाबतो. २८ मिलिमीटरच्या जाड नळीने फ्रेट पूर्ण झाकला जातो आणि नजर चुकते. वरून तिरके पाहणाऱ्याला नळी प्रत्यक्षापेक्षा पुढे किंवा मागे दिसते. नवशिक्याने बाहेरचा व्यास २२ ते २५ मिलिमीटरपर्यंत ठेवावा.

दुसरा प्रश्न फ्रेटबोर्डच्या बाकाचा, म्हणजे त्याच्या रुंदीतल्या गोलाईचा. जुन्या फेंडर कंपनीच्या पद्धतीच्या मानेवर या गोलाईची त्रिज्या ७.२५ इंच असते, गिब्सन कंपनीच्या पद्धतीच्या मानेवर १२. तारा या बाकाप्रमाणे बसवलेल्या असतील तर ७.२५ इंचांवर मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा जवळपास १.२ मिलिमीटर उंच येतात, १२ इंचांवर ०.७५. नळी मात्र सरळ. सहाही तारा एकदम वाजवायच्या तर मधल्या तारा तेवढ्या खाली दाबाव्या लागणार, आणि तारांची उंची मुळातच दीड मिलिमीटर असेल तर त्या फ्रेटला जवळजवळ टेकणार. यावर अंतर्वक्र घासलेल्या स्लाइड मिळतात, पण त्या बोटावर नेमक्या एकाच बाजूने फिरवून ठेवाव्या लागतात. ज्या ब्रिजवर प्रत्येक तारेची बैठक वेगळी वर-खाली करता येते तिथे पहिली आणि सहावी तार जरा उचलून सगळ्या तारा सपाट करणे अधिक सोयीचे. यात गिटारला कसलीही इजा होत नाही आणि परतीचा मार्ग खुला राहतो.

पृष्ठभागाची परीक्षा घेताना डोळ्यांपेक्षा नखावर भरवसा ठेवावा. नख नळीच्या परिघावरून आणि लांबीवरून फिरवावे. जिथे अडकेल तिथे तारही अडकेल. साच्यातून काढलेल्या काचेवर दोन बाजूंना जोडाची बारीक रेषा असते. ती असली तर नळी बोटात घालताना रेषा तारांपासून दूर, वरच्या बाजूला ठेवावी. मग सरळपणा. नळी आरशाच्या किंवा खिडकीच्या सपाट काचेच्या तुकड्यावर आडवी ठेवून पलीकडून उजेड पाडावा. खालून उजेडाची फट दिसली तर नळी मध्ये आत गेलेली आहे. हळूच ढकलून लोळवावी. सरळ न जाता वळत गेली तर निमुळती, उड्या मारत गेली तर गोलाई बिघडलेली. खऱ्या बाटलीच्या मानेत हे दोन्ही दोष बहुधा असतातच. अनुभवी वादक ते हाताच्या कोनाने सावरून घेतो, शिकणाऱ्याने स्वतःवर हे ओझे का घ्यावे?

इतके झाल्यावर पदार्थाकडे यावे. काच टणक आणि गुळगुळीत, गुंडाळी असलेल्या खर्जाच्या तारांवर तिची घासण सर्वांत कमी. पडली की संपली. बोरोसिलिकेट काच उष्णतेच्या धक्क्याला टिकते, फरशीला नाही. क्रोमच्या मुलाम्याची पोलादी नळी काचेइतकीच गुळगुळीत असते आणि आवाज स्वच्छ, उजळ देते, पण मुलामा एकदा कडेने सोलला की ती नळी बाद. सोललेली कड गुंडाळीत अडकते. स्टेनलेस स्टीलला ही अडचण नाही. पितळ मऊ असते. तारा त्यावर सूक्ष्म चरे पाडतात, हवेने ते काळवंडते आणि दोन्ही मिळून घासणीचा खरखरीत आवाज वाढतो. जुन्या ब्ल्यूजमध्ये हीच खरखर हवी असते, स्वच्छ सुरांच्या गाण्यात ती खटकते. पितळ पॉलिशने महिन्याला उजळवले तर बराच फरक पडतो. चिनी मातीची नळी आतून बिनझिलईची घ्यावी, ती घाम शोषते आणि बोटावर सरकत नाही. ॲल्युमिनियम आणि ॲक्रिलिक यांच्या वाट्याला जाऊ नये, एवढेच पुरे.

वादकांनी काय काय वापरले याची यादी मनोरंजक आहे. सिल्व्हेस्टर वीव्हर यांनी १९२३ साली केलेली ध्वनिमुद्रणे स्लाइड गिटारच्या अगदी पहिल्या मुद्रणांत गणली जातात. ऑलमन यांची स्लाइड म्हणजे कोरिसिडिन या सर्दीच्या औषधाची रिकामी काचेची बाटली. लोवेल जॉर्ज स्पार्क प्लग उघडायचे ११/१६ इंची सॉकेट वापरत, जॉनी विंटर पाइपाचा तुकडा. या यादीतून काय उचलायचे? ऑलमन यांची बाटली एका टोकाला बंद होती. बंद टोकाची नळी छान वाटते, पण आत घाम साचतो आणि बोटाच्या टोकाने शेजारची तार हलकेच दाबण्याची सोय जाते. सॉकेट प्रचंड जड असते. ते जड तारा आणि उंच ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) मागते. दुसऱ्याच्या हातातली वस्तू घेताना त्याच्या गिटारची मांडणीही घ्यावी लागते.

घरी नळी बनवणाऱ्यांसाठी थोडक्यात. बाटलीला रॉकेलात भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवण्याची युक्ती सोडून द्यावी. तडा वाकडा जातो आणि केसाएवढ्या भेगा आत राहतात, ज्या पुढे वाजवताना उघडतात. काच कापायच्या चाकाने परिघावर एकच सलग रेघ मारून तिच्यावर आळीपाळीने गरम आणि गार पाणी सोडावे. कापलेली कड १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर, कायम ओली ठेवून, घासावी. कोरडी घासली तर काचेची धूळ फुप्फुसांत जाते. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. आतली कडही तेवढीच घासावी, ती बोटाच्या मुळाशी रुतते. धातूचा पाइप कटरने कापला तर कड आत वळते आणि तोंडाशी व्यास कमी होतो. अर्धगोल कानशीने ती काढल्याशिवाय माप घेऊ नये. जस्ताच्या मुलाम्याचा पाइप नको, त्याचा पृष्ठभाग दाणेदार असतो आणि आत जोडाची रेघ उठलेली असते. तांबे पितळेहूनही मऊ, शिवाय बोट हिरवे करते.

नळी कितीही चांगली असली तरी गिटार तिच्यासाठी तयार नसेल तर दोष नळीच्या माथी येतो. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची इलेक्ट्रिकला २.५ मिलिमीटर आणि अकूस्टिकला ३च्या आसपास ठेवावी. याच गिटारवर नेहमीचेही वाजवायचे असेल तर २ ते २.२वर थांबून नळी हलकी घ्यावी. उंची ब्रिजवर बदलावी. मानेतला ट्रस रॉड (आतली धातूची सळई) फिरवून उंची वाढवणे चुकीचे, तो मानेच्या लांबीतल्या बाकासाठी असतो. ओपन ई लावताना, म्हणजे न दाबलेल्या तारांतूनच ई मेजर कॉर्ड निघेल अशी ई बी ई जी शार्प बी ई ही लावणी करताना, पाचवी आणि चौथी तार एकेक पूर्ण स्वर वर जातात आणि पूर्ण स्वर चढवला की तारेचा ताण सुमारे २६ टक्के वाढतो. अकूस्टिकची मान आणि ब्रिज यांना हे सोसवेलच असे नाही. तिथे ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावावा, स्वर तेच मिळतात. ओपन डी आणि ओपन जी या ढिल्या लावणीत पातळ तारा लुळ्या पडतात आणि नळीखाली खडखडतात, म्हणून तिथे जाड संच हवा.

सुराची चूक किती सहज होते याचा अंदाज यावा म्हणून एक हिशोब. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेवर बाराव्या फ्रेटपाशी एका अर्धस्वराची जागा साधारण १८ मिलिमीटर असते. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर नळी १ मिलिमीटर सरकली की सूर पाच सेंटने चुकतो. सतराव्या फ्रेटपाशी तीच चूक सात सेंटची होते. पहिल्या तारेवर नळी सहाव्या तारेपेक्षा दोन मिलिमीटर पुढे असेल तर एकाच कॉर्डमधल्या कडेच्या तारांत दहा-अकरा सेंटचा फरक पडतो आणि तो कानाला जाणवतो. म्हणूनच बोटावर न डुगडुगणारी नळी हवी, असा हा सगळा मापाचा आग्रह.

नळीच्या मागे, नटच्या बाजूला, तारेचा जो तुकडा उरतो तोही वाजत असतो. त्याची भुणभुण मागच्या बोटांनी तारांवर नुसते टेकून थांबवावी, दाबून नव्हे. काचेची नळी वापरणाऱ्या इलेक्ट्रिकवाल्यांना आणखी एक गोष्ट जाणवते: धातूची नळी काढून काचेची घातली की ॲम्प्लिफायरमधली गुणगुण वाढते. इलेक्ट्रिकच्या तारा अर्थिंगला जोडलेल्या असतात. धातूच्या नळीतून वादकाचे शरीरही त्या अर्थिंगला जोडले जाते, काच हा मार्ग तोडते. मागचे बोट तारांवर टेकले की गुणगुण पुन्हा खाली येते. तिच्यासाठी गिटार दुरुस्तीला टाकण्याआधी एवढे करून पाहावे.

वाजवून झाल्यावर नळी आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसावी, आतला घाम विशेष करून. आतली चामडी किंवा बुचाची पट्टी कुजते ती याच ओलाव्याने. काचेच्या नळीच्या तोंडाला टवका उडाला असेल तर तो घासून गुळगुळीत करता येतो, पण टवक्यापासून आत निघालेली रेघ उजेडात दिसली तर नळी टाकून द्यावी. अशी काच सहसा बोट आत असतानाच फुटते.

आपला,
एक स्लाइडवादक वाचक